उलट्या घडाचा बिबट्या

"दाबू का आता?"

"थांब! पंखा कुठंय? आधी पंखा लाव!"

"नवल, सरक तिकडे! तो पंखा तुझ्यासाठी नाही, कार्डासाठी आहे!"

"वा रे वा! मी घामाने निथळतोय आणि वारा खातोय संगणक!"

भडगावात अभिमनआबांच्या बाहेरच्या खोलीत त्या दुपारी नुसता गलका चालला होता. कोनाड्यात गौराई बसलेली, तिच्यापुढे दिवा तेवत होता. समोरच्या टेबलावर संगणक होता. त्याच्या डब्याची एका बाजूची पत्र्याची झाकणी काढून ठेवलेली, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्या उघड्या पोटाकडे तोंड करून घरघरत होता.

"कूलर लाव ना त्यापेक्षा," दहा वर्षांचा नवल कैरीची फोड मिठात बुडवत म्हणाला.

"कूलरचं वारं ओलं असतं, वेड्या! आत पाणी गेलं तर सगळं संपलं!" आकाश ओरडला.

आकाश म्हणजे आबांच्या मुलांचा, नूतन आणि नवलचा, मावसभाऊ. धुळ्याचा, चौदा वर्षांचा. दर सुट्टीत तो मावशीकडे यायचा. यंदा आला आणि त्याला हा संगणक दिसला. तो भुसावळच्या भूपेंद्रकाकांनी पाठवलेला होता. काका पूर्वी हौसेने लग्नांचे व्हिडिओ तयार करायचे, त्यामुळे त्यात चांगलं दणकट ग्राफिक कार्ड होतं. ते पाहताच आकाशने जाहीर केलं होतं, "यावर मी चित्रं काढणारं एआय बसवणार! आपण फक्त लिहायचं. चित्र ते काढणार!"

"आणि मी?" नूतनच्या तोंडून निघून गेलं होतं.

"तू बघ!" आकाश हसून म्हणाला होता.

आकाश ते तेव्हाच विसरला. नूतनला मात्र कैरी न खाताच दात आंबल्यासारखं झालं.

कारण भडगावातल्या त्या गल्लीत चित्र म्हटलं की नूतनच! आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की गौराईच्या मागचा पडदा तीच रंगवायची. झोक्यावरची गौराई, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर आंब्याचं तोरण. गल्लीतल्या सगळ्या बाया पडदा बघायला यायच्या. तेरा वर्षांच्या नूतनला वर्षभरात एवढं कौतुक दुसऱ्या कशाचं मिळत नव्हतं.

आकाशचं एआय मात्र सहजी बसायला तयार नव्हतं. आधी त्याने पायथॉन या संगणकभाषेची भलतीच आवृत्ती टाकली, ती काढून पुन्हा दुसरी टाकली. मग चित्रं शिकलेली ती भलीमोठी फाइल उतरवायची होती. तिच्यासाठी आबांचा फोन गच्चीच्या कठड्यावर ठेवावा लागला, कारण नेट तिथेच यायचं. फाइल अगदी संपत आली आणि वीज गेली! आज सगळं जुळलं, तर पडद्यावर लाल अक्षरं आली: मेमरी पुरत नाही.

"बरं झालं," असं नूतन मनात म्हणाली. आणि लगेच तिने कोनाड्याकडे चोरून पाहिलं. गौराईने ऐकलं तर नाही ना?

"चित्राचा आकार लहान कर," संघमित्रा म्हणाली. ती मागच्या गल्लीत राहणारी, नूतनची मैत्रीण. मोठेपणी वकील व्हायचं तिने ठरवून टाकलं होतं. "लहान चित्राला मेमरी कमी लागेल. हो की नाही?"

आकाशने आकार कमी केला. "आता दाबतो! काय लिहू?"

"सोनगीरचा किल्ला!" नवल ओरडला.

पंखा घरघरला. पडद्यावर आधी करड्या मुंग्या दिसल्या, मग त्यातून हळूहळू भिंती वर आल्या, बुरूज आले, आणि बुरुजांवर...

"बर्फ!" नवल लोळायलाच लागला. "सोनगीरला बर्फ पडलाय! चला रे, स्वेटर घाला!"

नूतनही हसली. जरा जास्तच मोठ्याने.

"त्याला सोनगीर माहीत नाही, म्हणून," आकाश लाल होत म्हणाला. "आता बघ!" त्याने इंग्रजीत भराभर काहीतरी लिहिलं. पुन्हा मुंग्या, पुन्हा पंख्याची घरघर. आणि यावेळी झोक्यावर बसलेली, हिरव्या लुगड्यातली गौराई आली! मागे सोनेरी उजेड, दोन्ही बाजूंना घडांनी लदलेल्या केळी.

हसणं एकदम थांबलं.

"आई, ये ना! बघ!" नवलने हाक मारली. पुष्पाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, आणि त्यांनी चक्क पडद्याला हात जोडले.

"काय तेज आहे गं बाई चेहऱ्यावर!" त्या हळूच म्हणाल्या.

नूतनने रंगवलेल्या गौराईला आईने कधी असे हात जोडले होते का? खरं तर दर आखाजीला जोडायची. पण त्या क्षणी तिला काही आठवेचना.

तेवढ्यात हिलालमामा आले. पुष्पाबाईंचे हे भाऊ त्याच गावात राहायचे. गिरणा नदीच्या काठी त्यांची आमराई होती. सकाळ-दुपार चहाला ते बहिणीकडे हजर!

"अरे, भारीच! मग यंदा नूतनने कापड कशाला रंगवायचं? याचाच फ्लेक्स छापू! मी देतो छापायला."

"खरंच की. पोरीलाही तेवढीच विश्रांती," पुष्पाबाई म्हणाल्या.

विश्रांती! नूतन पडद्याजवळ सरकली आणि चूक शोधायला लागली. बोटं नीट होती. डोळे नीट होते. झोक्याच्या दोऱ्या सरळ होत्या. मग तिची नजर केळीच्या घडावर गेली आणि तिला हसू फुटलं.

घड खाली लोंबत होता, ते ठीकच. पण त्यातलं एकेक केळंही खाली टोक करून लोंबत होतं! खरी केळी अशी नसतात. घड खाली वाकतो, पण केळी वर वळतात. शेजारची द्रौपदाआजी नेहमी सांगायची, "केळी देवकडे दखत वाढतस." देवाकडे बघत! नूतनने आजीच्या मळ्यात बसून कितीदा तरी घडांची चित्रं काढली होती. हे यंत्र कधी मळ्यात गेलं नव्हतं.

"काय दिसलं?" संघमित्राने विचारलं.

"कुठे काय?" नूतन म्हणाली.

छापू दे फ्लेक्स! आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या आज्या बघतील आणि हसतील. तेव्हा कळेल आकाशला!

आकाश मात्र हवेत होता. आल्यागेल्याला तो हौसेने दाखवत होता.

"म्हणजे मी सांगितलं तरी काढेल?" मामांनी विचारलं.

"कोणीही सांगा, मामा! फोनमध्ये मराठीत बोला, फोन त्याचं इंग्रजी करतो. ते बघून इथे लिहा, आणि हे दाबा. झालं!"

"माझ्या आमराईची राखण करेल का ते?" मामा नवलकडे डोळे वटारत म्हणाले. "या पोरांनी एक कैरी ठेवली नाही झाडावर!"

"मामा, मी फक्त खाली पडलेल्या घेतो!"

"हो! दगड मारून पाडलेल्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतन, संघमित्रा आणि नवल गौराईसाठी गिरणेचं पाणी आणायला गेले. आकाश गच्चीवर झोपला होता. घरात पुष्पाबाई पूजेला बसल्या होत्या. त्यांचा एक नेम होता: सकाळी उठल्यापासून गौराईला पाणी घालून दिवा लावेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कोणी आलं तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. सगळ्या गल्लीला हा नेम माहीत होता.

आणि दुपारी तो फोटो आला!

आधी आबांच्या फोनवर, मग संघमित्राच्या आईच्या. बघता बघता भडगावातला एक फोन उरला नाही. केळीच्या मळ्यात उभा असलेला पिवळाजर्द बिबट्या! फोटो जरा तिरका, जरा धूसर, जीव मुठीत धरून काढल्यासारखा. खाली लिहिलं होतं: "गिरणाकाठच्या आमराईजवळ बिबट्या. मुलांना पाठवू नये."

गाव चिडीचूप झालं. वनखात्याला फोन गेले. संध्याकाळी आबा घरी आले ते सांगतच, "नदीकाठच्या निंबावरचे झोके यंदा बंद. पोरींना तिकडे पाठवायचं नाही, असं ठरलंय."

"आखाजीला झोका नाही?" संघमित्रा जवळजवळ किंचाळली.

मागोमाग काठी टेकत द्रौपदाआजी आली. "पोरींना झोका राहिना, अन् मन्हा मळाबी राहिना! घड उतारणारा मजूर येत नही म्हणतस. बठ्ठा गाव घाबरी गया! केळी झाडवरच पिकी जाई, मंग तो बिबट्या खाई का ती?"

नूतनने आबांच्या हातातून फोन घेतला. बिबट्याकडे सगळेच बघत होते. ती मात्र मागच्या केळीकडे बघत राहिली.

घडातली सगळी केळी खाली टोक करून लोंबत होती!

तिने फोटो मोठा केला. त्यावर बारीक बारीक आडव्या-उभ्या रेघा होत्या. टीव्हीचा फोटो काढला की येतात तशा. आणि खालच्या काळ्या कोपऱ्यात एक पुसट कमान उमटली होती. कोनाड्याची. गौराईच्या कोनाड्याचं काचेत पडलेलं प्रतिबिंब!

"हा बिबट्या मळ्यातला नाही," नूतन म्हणाली. "आपल्या संगणकातला आहे. कोणीतरी पडद्याचा फोटो काढलाय!"

"पुरावा?" संघमित्रा लगेच म्हणाली.

आकाशने धावत जाऊन संगणक सुरू केला. काढलेली सगळी चित्रं ज्या जागी साठत होती ती जागा उघडली. तिथे तो होताच, बिबट्या! लख्ख, सरळ, जराही धूसर नसलेला.

"बघा!" नूतनचा आवाज चढला. "सांगत नव्हते मी? यानेच केलंय! सगळ्यांनी वाहवा केली तेवढी पुरली नाही याला!"

"मी नाही केलं!" आकाश पांढराफटक पडला. "मी गच्चीवर झोपलो होतो!"

"सकाळी मी पूजेला बसले होते तेव्हा टेबलावर टकटक चालली होती," पुष्पाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "माझी पाठ होती. मला वाटलं, तूच आहेस. मौन होतं म्हणून विचारलं नाही."

"मावशी, शपथ..."

"पुरे!" आबा एरवी कधी चिडायचे नाहीत. "सगळं गाव घाबरवून सोडलंस! उद्या सकाळी संगणकाच्या वायरी काढायच्या आणि पहिल्या एसटीने धुळ्याला जायचं. तुझ्या वडिलांशी मी बोलतो."

आकाश मान खाली घालून गच्चीवर निघून गेला.

म्हणजे यंदा फ्लेक्स नाही. पडदा पुन्हा नूतनचा! तिला हवं होतं ते सगळं झालं होतं. मग ती ओट्यावर बसून अशी नखं का कुरतडत होती?

"तू खूश आहेस का गं?" संघमित्राने शेजारी बसत विचारलं.

"असायला हवं ना?"

"मला विचारशील तर, आकाश खोटं बोलत नाहीये. संगणकात चित्र आहे एवढाच पुरावा मिळाला. कोणी काढलं याचा कुठे मिळाला?"

नवल पायरीवर बसून कैरी खात होता. तो मध्येच म्हणाला, "आपले हिलालमामा काय डेरिंगबाज आहेत! सगळं गाव दारं लावून बसलंय, आणि ते आत्ता झोपायला आमराईत गेले! एकटे! हातात काठीसुद्धा नाही. गाणं म्हणत गेले!"

"तुला ही कैरी कुठे मिळाली?" नूतनने विचारलं.

"जुनी आहे, सकाळची. आता कसली मिळतेय? बिबट्यामुळे आमराईकडे कोण फिरकणार?"

नूतन आणि संघमित्राने एकमेकींकडे बघितलं.

"काठी नाही..." संघमित्रा म्हणाली.

"कारण भीती नाही," नूतन म्हणाली. "आणि भीती का नाही? कारण बिबट्या नाही हे त्यांना माहीत आहे! मामा रोज सकाळी चहाला येतात. आईचं मौन असतं. आई काही विचारणार नाही हेही त्यांना माहीत!"

"पण पुरावा?"

बोलायचं की नाही? क्षणभर नूतनला वाटलं, न बोललं तर काय बिघडतं? उद्या सकाळी एसटी सुटेल, आकाश जाईल, पडदा राहील. कोनाड्यातला दिवा दारातून दिसत होता. कालच्या उलट्या घडाबद्दलही ती अशीच गप्प बसली होती. त्या गप्प बसण्यात काय मजा होती, ते तिला आता आठवेना. ती उठली आणि दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेली.

आकाश पिशवी भरत होता.

"ठेव ती पिशवी," नूतन म्हणाली. "तू नाही केलंस. चुकलं माझं. चल खाली, आपल्याला एक चित्र काढायचंय."

"मी नाही येणार! आत्ता सगळ्यांसमोर ओरडलीस आणि आता..."

"नंतर भांड! उजेड जाईल!"

बेत सोपा होता. मामा गुन्हा कबूल करणार नाहीत. पण त्यांना ठाऊक नसलेला दुसरा बिबट्या समोर आला तर?

"पण एक अट," संघमित्राने बोट वर केलं. "हे चित्र फक्त मामांना दाखवायचं. कोणालाही पाठवायचं नाही. आणि खोटं बोलायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचा."

फोटो काढायला नवल आणि संघमित्रा आईचा फोन घेऊन धावत निघाले. निघताना नवलने हळूच काठी उचलली.

"बिबट्या नाही ना रे?" संघमित्रा हसली.

"नाहीच! पण त्याला हे माहीत असेल कशावरून?"

दिवेलागणीला ते परतले. फोनमध्ये आमराईचा फोटो होता. आंब्याखाली मामांची खाट, खाटेवर त्यांचा चौकड्यांचा टॉवेल, शेजारी माठ. मामा तेव्हा विहिरीवर हातपाय धूत होते. त्यांना पत्ताही लागला नाही!

आकाशने फोटो संगणकात घेतला. "आता खाटेमागची एवढीच जागा मी पुसून मोकळी करतो आणि सांगतो, इथे बिबट्या बसव. बाकीचा फोटो जसाच्या तसा राहील."

पंखा घरघरला. पहिला बिबट्या आला तो कुत्र्याच्या तोंडाचा. दुसऱ्याला पाच पाय! तिसरा एवढा लहान, की नवल म्हणाला, "याला माठात ठेवता येईल!"

"त्याला बसायचं कसं तेच कळत नाहीये," नूतन म्हणाली. "सरक." तिने कागद ओढला, पेन्सिल घेतली. मांजर दबा धरून बसतं तशी पाठ, पुढे घेतलेले पंजे, खांद्यांत खाली घातलेली मान. आठ-दहा रेघांतच बिबट्या उठून बसला.

आकाश बघतच राहिला. त्याचा चेहरा कसातरीच झाला. त्याने त्या रेघांचा फोटो काढून मोकळ्या जागेत नेमका बसवला आणि यंत्राला सांगितलं, याच रेघा धर आणि त्यावर कातडं चढव.

करड्या मुंग्या हलल्या. हळूहळू आंब्याखालच्या सावलीतून, खाटेच्या अगदी मागून, दोन डोळे चमकले...

नवल टुणकन खुर्चीवर चढला. "बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"जमलं!" आकाश आणि नूतन एकदम ओरडले. आणि मग दोघंही ओशाळून दुसरीकडे बघायला लागले.

सकाळी पुष्पाबाई नेहमीप्रमाणे गौराईपुढे बसल्या होत्या. नूतनने काल आणलेलं गिरणेचं पाणी शेजारी ठेवलं. आकाशची पिशवी दारात उभी होती. आबा आत एसटीसाठी कपडे करत होते. गाणं गुणगुणत हिलालमामा आले आणि खुर्चीवर टेकले.

"काय आकाशराव, निघाले धुळ्याला? असू दे, असू दे. पोरवयात चुका होतात."

आकाशच्या मुठी वळल्या. नूतनने त्याचा सदरा मागून ओढला.

नवल आईचा फोन घेऊन पुढे झाला. पडद्याचा फोटो त्यांनी मुद्दाम तसाच तिरका, तसाच धूसर काढला होता.

"मामा, ही खाट कुणाची?"

"कुठली? ही तर माझी! टॉवेलही माझाच. का रे?"

"मग मागे काय आहे?"

मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. त्यांची गुणगुण थांबली.

"अरे देवा! अरे बाप रे! मी... मी रात्री इथेच झोपलो होतो! ही खाट... हा इथे होता? माझ्या उशाशी?" ते खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "हा कोणी काढला? अरे, हा तर खराच आला! पहिला तर मी बनवला होता रे! हा कुठून आला?"

कोनाड्यात काडी पेटल्याचा आवाज झाला. पुष्पाबाईंनी दिवा लावला, हात जोडले, वळल्या, आणि त्या दिवसाचा त्यांचा पहिला शब्द अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

"हिलाल!"

मामांच्या हातून फोन निसटला. तो संघमित्राने वरच्या वर झेलला. "पुरावा आहे!" ती म्हणाली.

दारात आबा उभे होते. सदऱ्याची अर्धी बटणं लावलेली, अर्धी तशीच.

"अक्का, ऐक ना..." मामा हात चोळायला लागले. "मला वाटलं चार पोरं घाबरतील, कैऱ्या वाचतील. एकाच ग्रुपवर टाकला होता मी! सगळ्या तालुक्यात जाईल असं काय माहीत? सांगायला तोंड उघडावं, तर तोवर वनखात्याला फोन गेलेले. मग धीरच झाला नाही."

"आणि पोराला धुळ्याला धाडत होते तेव्हा?" पुष्पाबाईंचा आवाज पुन्हा नेहमीसारखा हळू झाला होता, पण मामांना तो जास्त लागला असावा. "माझ्या मौनाचा आडोसा केलास तू. देवाला बसलेल्या बहिणीच्या पाठीमागे!"

मामांनी मान खाली घातली. "आकाश, चुकलो रे बाबा. आणि हा... हा दुसरा बिबट्या?"

"तो नूतनच्या पेन्सिलीतला आहे, मामा," आकाश म्हणाला. "कातडं तेवढं माझ्या यंत्राचं!" त्याने सगळ्यांसमोर तो फोटो आणि ते चित्र पुसून टाकलं.

त्या दिवशी मामांना दम घ्यायला वेळ मिळाला नाही. आधी त्यांनी प्रत्येक ग्रुपवर स्वतःच्या आवाजात कबुली पाठवली. मग वनखात्याच्या माणसांपुढे कान धरले. मग मजुरांच्या घरोघर जाऊन त्यांना मळ्यात आणलं. एवढं झाल्यावर द्रौपदाआजी म्हणाली, "मजूर उना, ते बरं झालं. पण तूबी लाग कामले! आमराई राखाले ताकद शे ना तुले? मंग घड उचल!" संध्याकाळपर्यंत मामा डोक्यावरून घड वाहत होते, आणि नवल बांधावर बसून मोठ्या प्रेमाने मोजत होता.

आबांनी आकाशची पिशवी स्वतः आत नेऊन ठेवली. "मी विचारायच्या आधी ठरवून मोकळा झालो. मोठ्या माणसाने असं करू नये," ते म्हणाले. मग त्यांनी चौघांकडे पाहिलं. "गावातल्या एवढ्या मोठ्या माणसांनी तो फोटो पाहिला आणि पुढे ढकलला. थांबून नीट बघितलं ते तुम्ही!"

"पण काका, माझंही चुकलंच. दिसेल त्याला शिकवत सुटलो. सगळं चालू ठेवून गच्चीवर झोपलो. आता कुलूपशब्द घातलाय!"

संध्याकाळी नूतन पडद्याचं कापड पसरून बसली होती. आकाश शेजारी येऊन उकिडवा बसला.

"एक सांगू?" नूतन ब्रश धुता धुता म्हणाली. "तुझ्या गौराईच्या चित्रात केळी उलटी होती. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. सगळे तुला हसावेत म्हणून."

आकाशने कापडाची एक सुरकुती बोटाने सरळ केली.

"मग मीही सांगतो. मागच्या आखाजीला मी आलो होतो ना? सगळ्या बाया तुझ्या पडद्यापुढे उभ्या होत्या. मी दाराशी उभा होतो, कोणी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. धुळ्याला गेलो आणि तेव्हापासून शोधत होतो, चित्र न येणाऱ्याला चित्र कसं काढता येईल! ते एआय मी का बसवलं, कळलं आता?"

नूतनने त्याच्याकडे बघितलं. म्हणजे ती वर्षभर ज्याच्यावर जळणार होती, तो आधीच वर्षभर तिच्यावर जळत होता! तिला हसू आवरेना. मग आकाशलाही आवरेना.

आखाजीच्या दिवशी नदीकाठच्या निंबावर झोके आकाशाला भिडले. घरात नव्या घागरीची पूजा झाली, सांजोऱ्यांचा वास गल्लीभर पसरला. बायांची ही गर्दी पडद्यापुढे जमली. झोक्यावर गौराई होती, मागचा सोनेरी उजेड आकाशच्या यंत्रात पाहून घेतलेला, आणि दोन्ही बाजूंना केळी. द्रौपदाआजीने नाक कापडाला टेकवून घड तपासला.

"या खऱ्या केळी! देवकडे दखी राहिन्यात!" तिने नूतनच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "शाबास मन्ही बाय!"

पुष्पाबाईंनी पडद्याला हात जोडले. यावेळी नूतनने ते नीट बघून ठेवलं.

सगळ्या जणी नूतन, नूतन करत होत्या. आकाश दाराशी उभा होता.

"आकाशदादा," नवलने त्याच्या तोंडाकडे निरखून विचारलं, "कैरी खाल्लीस का रे? चेहरा आंबट झालाय!"

नूतनला तो चेहरा चांगलाच ओळखीचा होता. तिने कोपऱ्यातला एक घड मुद्दाम रंगवायचा ठेवला होता. ती गर्दीतून वाट काढत गेली आणि आकाशच्या हातात ब्रश दिला.

"ये. तो घड तुझा."

"मला? सगळ्यांसमोर? आणि उलटा झाला तर?"

"तर पुन्हा बिबट्या येईल!" नूतन म्हणाली.

मागे घागरीजवळ बसलेल्या हिलालमामांच्या हातातली सांजोरी टपकन ताटात पडली.